माझी कथा व्हरांड्यात पडून राहते

मी कथा लिहिली, ही बातमी बाहेर फुटली याला दुसरं कोणी जबाबदार नाही. मीच ती फोडली. जिन्यात फोडली, दूध घेताना फोडली, दाताच्या डॉक्टरांकडे तोंड उघडं ठेवून जेवढी फोडता येते तेवढी फोडली. वरच्या मजल्यावर एक मॅनेजर राहतात. ते बँकेतून निवृत्त झाले, पण मॅनेजरपण त्यांच्यातून अजून निवृत्त झालेलं नाही. त्यांना मी दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा ते नुसतं "हं" म्हणाले होते. शेजारच्या वकिलांना सांगितलं. बायकोला वेगळं सांगायची वेळच आली नाही. ती म्हणाली, "भिंतीतून सगळं ऐकू येतंय मला."

आता लिहिलेली कथा कोणीतरी वाचायला हवी. घरात वाचक एकच, आणि त्या वाचकानं साफ नकार दिला.

"आधी लोकांनी वाचू दे, मग मी वाचीन," बायको म्हणाली. "मी वाचणार, तुम्ही समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत राहणार, आणि कुठं हसायचं नि कुठं गप्प व्हायचं ते मला ठरवावं लागणार. मला कामं आहेत."

मी खरंच तोंडाकडे बघत बसलो असतो.

मार्ग दाखवला तो वकिलांनी. इंटरनेटवर म्हणे ‘साठीपार कथाकार’ नावाचं एक मंडळ आहे. साठी उलटलेली कथा लिहिणारी माणसं तिथं जमतात, टोपणनावं घेतात, एकमेकांच्या कथा वाचतात आणि अभिप्राय देतात.

"त्यानं काय होतं?" मी विचारलं.

"काही होत नाही. वेळ जातो. आमच्या कोर्टासारखंच आहे, फक्त काळा कोट घालावा लागत नाही," वकील म्हणाले.

मी त्याच दुपारी सभासदत्वासाठी अर्ज केला. सोबत फोटो जोडला तो ऑफिसच्या ओळखपत्रावरचा. माझ्याकडे तेवढा एकच फोटो असा आहे की ज्यात मी एकटा आहे आणि ज्यात माझे डोळे उघडे आहेत. दुसऱ्या दिवशी संचालिकाबाईंचं उत्तर आलं. या बाई पूर्वी कुठंतरी मुख्याध्यापिका असाव्यात, असा माझा दाट संशय आहे. त्यांनी लिहिलं होतं, ‘आपला फोटो साठीच्या पुष्कळ आतला दिसतो. हे मंडळ ज्येष्ठांसाठी आहे. कृपया खरा फोटो पाठवावा.’

तो दिवस माझा फार चांगला गेला. मी ते उत्तर बायकोला दाखवलं, वकिलांना दाखवलं, मॅनेजरांना मोठ्यानं वाचून दाखवलं. संध्याकाळी बायकोनं खिडकीजवळ उभं करून नवा फोटो काढला. "पोट आत घेऊ नका, खरा फोटो मागितलाय," एवढंच तिनं सुचवलं. तो पाठवताक्षणी सभासदत्व मंजूर झालं. इतक्या तातडीच्या मंजुरीची मला गरज नव्हती. निदान एखादी शंका तरी काढायची.

आता या मंडळाची रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळेच घडलं. नव्या माणसाची कथा तिथं थेट आत घेत नाहीत. ती आधी ‘व्हरांड्यात’ ठेवतात. जुन्या सभासदांपैकी कोणीतरी एकानं ती वाचून खाली ‘शेवटपर्यंत वाचली’ असे दोन शब्द लिहायचे. चांगली म्हणायची गरज नाही, वाईट म्हटलं तरी चालतं. पण ते दोन शब्द पडल्याशिवाय कथा ‘दिवाणखान्यात’ जात नाही, आणि दिवाणखान्यात गेल्याशिवाय ती बाहेरच्या कोणालाही दिसत नाही. म्हणजे बायकोलाही नाही. शिवाय आपली कथा ठेवण्याआधी नव्या माणसानं इतरांच्या तीन कथांवर अभिप्राय लिहायचे. आल्या आल्या आपलंच घोडं दामटू नये, हा त्यामागचा हेतू. हेतू उत्तम होता. घात झाला तो अभिप्राय देणाऱ्याच्या पूर्वायुष्यामुळे.

माझी सगळी नोकरी बांधकाम परवानगीच्या कार्यालयात नकाशे तपासण्यात गेली. लोक घराचे नकाशे आणून देत आणि मी त्यांतल्या चुका काढून परत पाठवत असे. अभिप्राय म्हणजे काय, हे मला त्या एकाच अर्थानं ठाऊक होतं. अभिप्रायात ‘छान’ हा शब्द मी उभ्या जन्मात लिहिलेला नव्हता. नकाशा छान नसतो, तो नियमात बसतो किंवा बसत नाही.

पहिली कथा वाचली ती ‘कप्तान’ या टोपणनावाच्या गृहस्थांची. बोटीवर होते म्हणे. त्यांच्या कथेत नायक वाईट बातमी ऐकून धडाधडा जिना उतरून खाली येतो. मी वाचून थबकलो. परत वर जाऊन पाहिलं. माझा संशय खरा ठरला. मग खाली स्वच्छ लिहिलं, ‘परिच्छेद एकमध्ये घर बैठे असल्याचे नमूद आहे. सबब परिच्छेद चारमधील जिना अनधिकृत आहे. जिना काढावा अथवा वरचा मजला दाखवावा.’

दुसरी कथा एका डॉक्टरांची. तिच्यात एक गृहिणी सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून सूर्य उगवताना पाहते आणि संध्याकाळी त्याच खिडकीतून तो मावळताना पाहते. मधल्या काळात तिचा संसार मोडतो. मी लिहिलं, ‘एकाच खिडकीतून सूर्योदय व सूर्यास्त दोन्ही दिसत आहेत. दिशा स्पष्ट कराव्यात.’ संसाराबद्दल काही लिहिलं नाही. तो माझ्या अखत्यारीतला विषय नव्हता.

तिसरी कथा ‘कोपऱ्यातली खुर्ची’ असं नाव घेतलेल्या एका बाईंची. त्या मंडळात सर्वांत वडील, ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्या कथेत एक म्हातारी दार लावून खोलीत बसते आणि आठवणी काढून रडते. ‘नायिका वर्षानुवर्षे ज्या खोलीत बसते त्या खोलीस खिडकी दाखवलेली नाही. वायुवीजनाची सोय करून कथा फेरसादर करावी,’ असं मी लिहिलं. खाली सवयीनं आद्याक्षरंही टाकली.

मनापासून सांगतो, मला वाटलं होतं, माणसं खूश होतील. इतकं बारकाईनं कोणी वाचतं का हल्ली? बायकोलाही मी ते अभिप्राय अभिमानानं वाचून दाखवले. ती मटार सोलत होती. ती म्हणाली, "त्या म्हातारीच्या रडण्याचं काय?"

"रडू दे की. खिडकी आल्यावर रडू दे," मी म्हणालो.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि पुढची शेंग घेतली.

अटी पूर्ण झाल्या आणि माझी कथा व्हरांड्यात दाखल झाली. कथा थोडक्यात अशी : एक मुलगा फार वर्षांनी आपल्या घरी परत येतो. बस, एवढीच. हिचा आमच्या मुलाशी काहीही संबंध नाही, हे मी तेव्हाच सर्वांना सांगून टाकलं होतं. आमचा मुलगा दूर देशी असतो, दर रविवारी न चुकता फोन करतो, आणि येत का नाही या विषयावर आम्ही तिघंही कधी बोलत नाही. कथेतलं घर मात्र मी असं उभं केलं होतं की कोणा मायेच्या पुताला त्यात एक चूक काढता येऊ नये. पायऱ्यांची उंची, ओट्याची रुंदी, पावसाच्या पाण्याचा उतार, सगळं चोख. नुसत्या दारावर चार परिच्छेद होते. सागवानी, दोन फळ्यांचं, आत उघडणारं, पितळी बिजागऱ्यांचं.

आणि ती कथा तिथं पडून राहिली.

मी सकाळी चहाच्या आधी बघायचो, चहानंतर बघायचो, आंघोळीहून आल्यावर बघायचो. कथेखाली काही नाही. माझ्यानंतर आलेल्या कोणा बाईंची मांजरीवरची कथा व्हरांड्यातून दिवाणखान्यात गेली. एका गृहस्थांची ‘भाग पहिला’ अशी अर्धीच कथा, ती ‘शेवटपर्यंत वाचली’ म्हणून आत गेली. माझी जिथल्या तिथे.

इकडे जिन्यात चौकशा सुरू झाल्या. बातमी मीच फोडली असल्यानं कोणाला गप्प बसा म्हणायची सोय नव्हती. दूधवाला विचारायचा, "साहेब, गेली का आत?" दाताच्या डॉक्टरांनी तर माझ्या तोंडात आरसा असताना विचारलं. मी मान हलवली, तर त्यांना वाटलं दुखतंय, आणि त्यांनी शेजारच्या दातालाही हात घातला.

शेवटी मी धीर करून त्या आधीच्या तिघांना मंडळावर नम्रपणे विनंती केली की, माझी कथा नजरेखालून घालावी. कप्तानांचं उत्तर आलं : ‘आपल्या सूचनेनुसार जिना पाडला आहे. त्यामुळे आता वर येऊन आपली कथा वाचणे शक्य नाही.’ खिडकीवाल्या डॉक्टरांनी लिहिलं : ‘दिशा स्पष्ट केल्या आहेत. आपली कथा ज्या दिशेला आहे तिकडे तूर्त येणे होणार नाही.’ खुर्चीबाईंनी उत्तर दिलं नाही. आणि या दोन उत्तरांखाली मंडळातल्या यच्चयावत म्हाताऱ्यांनी हसणारी पिवळी तोंडं लावली होती.

माझे कान तापले. बायको विचारायला आली, "काय झालं?" तर मी म्हणालो, "काही नाही, इंटरनेट हळू चाललंय."

मी ते अभिप्राय पुसून टाकायचं ठरवलं. पण पुसायची सोय सापडेना. संचालिकाबाईंना विचारलं, तर त्यांनी कळवलं, ‘एकदा लिहिलेला अभिप्राय मागे घेता येत नाही. आपण बोलतो ते विचार करून बोलावे, यासाठी हा नियम आहे.’ मुख्याध्यापिकाच, शंकाच नको. मग मी वकिलांकडे गेलो आणि माफीचा मसुदा करून मागितला. त्यांनी तो अगत्यानं करून दिला : ‘माझ्या अभिप्रायांमुळे कोणाच्या भावना दुखावल्या आहेत असे कोणाचे म्हणणे असल्यास, व ते म्हणणे, माझे सर्व हक्क अबाधित ठेवून, मान्य न करता, मी केवळ सौजन्यापोटी दिलगिरी व्यक्त करीत आहे.’

"यात मी माफी मागितली की नाही?" मी विचारलं.

"हेच कोणाला सिद्ध करता येणार नाही," वकील समाधानानं म्हणाले.

मी ती मंडळावर टाकली. पिवळी तोंडं दुप्पट झाली.

मग पुढे सरसावले मॅनेजर. "अहो, एवढं काय त्यात?" ते म्हणाले. "मीच होईन सभासद. जुना झालो की टाकतो दोन शब्द. तुमची कथा आत. माणसानं माणसाच्या उपयोगी पडायचं नाही तर कोणाच्या?" मला भरून आलं. मी स्वतः वर जाऊन त्यांचा अर्ज भरून दिला. त्यांचा फोटो पहिल्याच फटक्यात मंजूर झाला, तेवढाच मला दिलासा.

पण मंडळाची अट अशी की, ज्याची स्वतःची कथा आत गेली तोच जुना सभासद. म्हणजे मॅनेजरांना आधी कथा लिहिणं भाग होतं. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात ‘आपला खाते क्रमांक तपासावा’ यापलीकडे काही लिहिलं नाही, तो काय कथा लिहिणार, असं मी बायकोला म्हणालो. मॅनेजरांनी जेवण झाल्यावर आडवं पडून, पोटावर टॅब ठेवून, आपल्या हरवलेल्या कवळीची कथा लिहिली. लग्नघरात कवळी हरवते आणि ती शोधताना नवऱ्याकडच्या एका आजोबांची आणि यांची कवळी बदलते, एवढीच गोष्ट. अभिप्राय देताना त्यांनी तिन्ही ठिकाणी ‘वा! मजा आली!’ असं लिहिलं होतं. त्यांतली एक कथा अंत्ययात्रेची होती, तरी कोणी काही म्हणालं नाही.

चहाच्या वेळेपर्यंत त्यांची कथा दिवाणखान्यात. खाली ‘शेवटपर्यंत वाचली’ची रांग. कप्तानांनी तर ‘दोनदा शेवटपर्यंत वाचली’ असं लिहिलं. संचालिकाबाईंनी ‘फार दिवसांनी मनमोकळं हसले’ असं लिहिलं. त्या हसतात, हीच मला बातमी होती.

मॅनेजर आता जिन्यात भेटले की साहित्यावर बोलू लागले. "काय आहे, लिहिताना मोकळं व्हावं लागतं," ते मला म्हणाले. मला! मी चार परिच्छेद दारावर लिहिणारा माणूस! आणि माझ्या कथेचं काय, असं विचारल्यावर ते ओशाळे झाले. कपाळ खाजवत म्हणाले, "बसतो हो वाचायला. रोज बसतो. पण त्या बिजागऱ्यांपाशी आलो की डोळा लागतो. आणि शेवटपर्यंत न वाचता तसं लिहायचं म्हणजे खोटी सही केल्यासारखं होतं. ते आपल्याच्यानं होणार नाही."

एवढा प्रामाणिकपणा शेजाऱ्यात असू नये.

त्या दिवशी मी जेवलो नाही. भूक नाही म्हणून सांगितलं, पण खरं म्हणजे मला वाईट वाटत होतं, आणि या वयात एवढ्यातेवढ्यानं वाईट वाटावं याचंही वाईट वाटत होतं. लोक आपल्याला हसले, ते एक वेळ चालतं. ऑफिसात लोक आपल्यावर चिडत ते तर नेहमीचंच. पण एक माणूस काहीतरी मनातलं लिहितो आणि ते कोणीच वाचत नाही, हे मला सहन होईना. मी मंडळाचा राजीनामा लिहिला. त्यालाही उत्तर तयार होतं : ‘व्हरांड्यात कथा प्रलंबित असताना राजीनामा स्वीकारता येत नाही.’ असा नियम आमच्या ऑफिसातही नव्हता, आणि आमच्या ऑफिसात काय नव्हतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काही बघणार नव्हतो. बायकोच म्हणाली, "ते तुमचं टिंग वाजलंय मघाशी."

कथेखाली लिहिलेलं होतं. खुर्चीबाईंनी.

‘शेवटपर्यंत वाचली. उशीर झाला, कारण मला मोठी अक्षरं करून वाचावं लागतं आणि तुमच्या दाराला फार वेळ लागला. तुमच्या सांगण्यावरून मी माझ्या म्हातारीला खिडकी दिली. आता ती तिथं बसते, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारते, रडणं कमी झालंय. तुमचे उपकार मानून एक सांगते. तुमचं दार फार चांगलं आहे. पण कथा संपली तरी मुलगा अजून बाहेरच उभा आहे. त्याला आत घ्या.’

मी खुर्चीतून उठलो आणि परत बसलो. कथा पुन्हा काढून वाचली. खरंच! मुलगा बसमधून उतरतो, रस्ता ओलांडतो, पायऱ्या चढतो, दाराचे चार परिच्छेद होतात, बाप आतून कडी काढतो, दोन्ही फळ्या आत उघडतात, आणि कथा संपते. दोघं एकमेकांसमोर उभे असतात आणि कोणी काही बोलतच नाही. इतके दिवस मी ती कथा इतक्यांदा वाचली आणि ही उणीव माझ्या नजरेला पडली नव्हती.

"गेली का आत?" बायकोनं आतून विचारलं.

"कथा गेली," मी म्हणालो. "मुलगा राहिलाय."

ती हात पुसत आली. आता कथा दिवाणखान्यात होती, आणि ठरल्याप्रमाणे तिनं वाचायला घेतली. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. दाराच्या परिच्छेदांना तिनं सुस्कारे सोडले ते मी मोजले नाहीत. तिचं वाचून झालं.

"बाईंचं म्हणणं आहे की पूर्तता करावी," मी म्हणालो. "मुलाला आत घ्यायचं म्हणजे बापानं काहीतरी बोलायला हवं. काय बोलेल?"

"तुम्ही काय बोलाल?"

"मी काय... म्हणजे बरंच काही असेल की. इतकी वर्षं आठवण आली, घर तुझ्यावाचून..."

"तुम्ही ‘जेवलास का’ म्हणाल," बायको म्हणाली. "रविवारी फोन आला की तेवढंच विचारता आणि माझ्याकडे देता."

"तेवढंच?"

"तेवढंच. बारा महिने तेच."

मला ते लागलं. मी म्हणालो की असं काही नाही, मी इतरही पुष्कळ बोलतो. हवापाण्याविषयी बोलतो. ती म्हणाली, बरं. तिनं बरं म्हटलं की विषय संपलेला असतो आणि मी हरलेला असतो. मी टाइप केलं, ‘बाप म्हणाला, जेवलास का?’ आणि तिथं अडलो. आता मुलगा काय म्हणेल? मुलाच्या वतीनं बोलायला गेलो तर एक शब्द सुचेना. मुलगा काय म्हणतो हे मला माहीतच नव्हतं. तो बोलायला लागायच्या आत मी फोन बायकोकडे देत आलो होतो.

रविवार नव्हता. तरी मी फोन लावला.

"बाबा?" त्यानं पहिल्याच घंटेला उचलला. आवाज घाबरलेला. "काय झालं? आई बरी आहे ना? तुम्ही बरे आहात ना?"

"बरे आहोत. सगळे बरे आहोत. ते हे... जेवलास का?"

बायको शेजारी उभी होती. तिनं हात पुढे केला, पण मी फोन दिला नाही. कानाला घट्ट लावून धरला.

"बाबा, हे विचारायला फोन केलात?"

"हो."

तो हसला. मग हसायचा थांबला. मग नाक ओढल्याचा आवाज आला, का लाइनच तशी होती कोण जाणे.

"नाही जेवलो अजून," तो म्हणाला. "एकट्यानं जेवायचा कंटाळा आला होता. फोन ठेवू नका, बाबा. ताट वाढून घेतो, बोलत बसू."

फोन मी खांद्यानं कानाशी दाबून धरला आणि एका हातानं त्याचं वाक्य जसंच्या तसं कथेत उतरवून घेतलं. मग स्क्रीन नीट दिसेना, म्हणून चष्मा काढून पुसला. बायकोनं खुर्ची ओढली आणि माझ्या फोनला कान लावून बसली. पलीकडे भांड्याचा आवाज आला, खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि आमचा मुलगा जेवायला बसला.